गव्हाचा सा

गाणं शिकवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण गाणं शिकायला आलेल्या माणसाला आल्या पावली परत पाठवण्यात जिचा हात धरणारं कुणी नाही अशी बाई एकच, आणि ती आमच्या थोरल्या वहिनीची आत्या आहे. हुलसूरला राहते. तिच्या ओसरीवरून परत गेलेली माणसं एका रांगेत उभी केली, तर रांगेचं एक टोक भालकीच्या बसस्टँडला लागेल आणि दुसरं हद्द ओलांडून महाराष्ट्रात घुसेल. त्या रांगेत शिक्षक आहेत, कंत्राटदार आहेत, पंचायतीचे आजी-माजी सगळे आहेत, आणि गळा देवानंच दिलाय असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलेली लेकरं तर किती आहेत याची गणती नाही. वहिनीची आत्या म्हणून आम्हीही तिला आत्याच म्हणतो. गावातली कन्नड माणसं अक्का म्हणतात. तिच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे, त्या गिरणीचे म्हातारे चाचाही अक्काच म्हणतात, पण म्हणताना डोक्यावरची टोपी सारखी करतात. आणि ती मला जावई म्हणते. खरा जावई माझा थोरला भाऊ. पण जावयाचा भाऊ तोही जावईच, असं तिनं ठरवलेलं आहे, आणि तिनं ठरवलेल्यात फेरफार करायची आमच्या खानदानात कुणाची छाती नाही.

अंगानं म्हणाल तर मूठभर. इरकली साडी, जाड भिंगांचा चष्मा आणि बोलताना घोगरा, वाळूत फावडं ओढल्यासारखा आवाज. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, ही बाई गाणं शिकवते? मग ती चष्म्यावरून एकदा बघते, आणि बघणाऱ्याला आपण आंघोळ नीट केली की नाही याची शंका येते. नव्यानं गाणं शिकणाऱ्याला काय काय ठाऊक असावं यावर आत्याची मतं दगडासारखी पक्की आहेत. पण ती मतं ती सांगत बसत नाही. ती ज्याची त्यानं अंगावर घ्यायची असतात.

आता बघा, नव्या माणसाला हुरूप आला की तो आधी वाद्य विकत घेतो. जनवाड्याचे एक सोयाबीनचे व्यापारी असेच टेम्पोतून आले होते. सोबत नवीकोरी पेटी, पेटीला झेंडूचा हार, हाराला हळद-कुंकू. आत्यानं पेटीकडं पाहिलं, व्यापाऱ्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "पव्हायला यायच्या आधी इहीर इकत घेतली व्हय तुमी?" व्यापारी हसले, त्यांना वाटलं, थट्टा आहे. आत्या हसली नाही. पेटी माणसाची चूक झाकते, असं तिचं म्हणणं. बोट बरोबर पट्टीवर पडलं की पेटी खरं बोलते, तिच्या आडोशाला गळ्यानं कितीही खोटं बोललं तरी चालतं, आणि शिकणाऱ्याला वाटत राहतं की हा गोड आवाज आपलाच. ती पेटी टेम्पोतून उतरलीसुद्धा नाही. हारासकट परत गेली, आणि मी ऐकलं ते खरं असेल तर आज जनवाड्यात तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवतात.

बसण्याचंही तसंच. लोक गळा घेऊन येतात आणि पाय घरी विसरतात. भालकीचे एक हवालदार आले होते, आवाज असा की टेकडीवरून हाक मारली तर धरणाच्या पलीकडची म्हैस ओ द्यायची. आत्यानं त्यांना गायला लावलंच नाही. मांडी घालून बसा म्हणाली, पाठ ताठ, हात मांडीवर. हवालदार बसले. आत्या आत जाऊन भाजी निवडून आली, गल्लीतल्या बाईशी बोलून आली, चहा घेऊन आली. हवालदार उठायला गेले तर दोन्ही पाय कमरेखालून गायब. चाचांनी आणि मी मिळून त्यांना बगलेत धरून गिरणीच्या ओट्यापर्यंत आणलं. "गळा बरा हाय," आत्या मागून म्हणाली, "पाय बेसूर हायत."

पण नव्या माणसाचा खरा वैरी म्हणजे पाहुणा, असं आत्याला वाटतं. शिकायला लागून चार रविवार होत नाहीत तोवर घरी कुणीतरी येतं, आई म्हणते म्हणून दाखव, बाप म्हणतो लाजतेस कामून, आणि त्या दिवशी ते गाणं मरतं. म्हणून ती प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी कबूल करून घेते की पाहुण्यांनी आग्रह केला तर डॉक्टरनं मना केलंय म्हणून सांगायचं. हुलसुरात एकेकाळी घशाचे आजार इतके वाढले होते की बाहेरगावच्या माणसाला वाटायचं, ह्या गावचं पाणीच वाईट आहे. एका मुलीनं मात्र तिला बघायला आलेल्या मंडळींसमोर गायलं. लग्न जमलं. आत्यानं आहेर पाठवला, आणि तिला पुन्हा पहिल्या दिवसावर आणून बसवलं. "अर्धी कच्ची भाकर पाव्हण्याला वाढतेत व्हय?" एवढंच म्हणाली.

एकदा बिदरचा एक इंजिनिअर मोबाइलमध्ये तंबोरा घेऊन आला. बटण दाबलं की तंबोरा सुरू. आत्यानं फोन कानाशी धरला, खूप वेळ आदरानं ऐकला, आणि विचारलं, हे दम कवा खातंय? तो अभिमानानं म्हणाला, कधीच नाही. मग त्याच्यासंगं माणसानं कसं गावं, माणसाला तर दम खावा लागतो, असं म्हणून आत्यानं फोन परत दिला आणि समोर बोट केलं. समोर गिरणी होती, दोन दळणांच्या मध्ये दम खाणारी.

इथं जरा थांबून ही गिरणी समजावून घेतली पाहिजे, कारण तिच्याशिवाय आत्याचं गाणं म्हणजे मिठाशिवाय वरण. आत्याचा तंबोरा होता, वडिलांच्या वेळचा. एका उन्हाळ्यात त्याचा भोपळा तडकला, आणि तो सांधणारा माणूस आमच्या भागात उरला नव्हता. दुसरी बाई असती तर हळहळली असती. आत्या ओसरीवर येऊन बसली आणि ऐकत राहिली. समोर चाचांची गिरणी चालू होती. गिरणीत एकसारखा गहू पडत असला की ती एक स्वर धरते, घुमारा असलेला, खालून भरलेला, आणि पेटीवर मिळवून बघितलं तर तो बरोबर पांढरी पाचला लागतो. आत्यानं त्या दिवसापासून तोच आपला सा धरला. अडचण एवढीच की गिरणीत नुसता गहू येत नाही. ज्वारी पडली की सा किंचित उतरतो, हरभऱ्याच्या डाळीला चढतो, आणि मिरची कांडायला आली तर सगळे शागीर्द शिंकत बाहेर पळतात, सा तिथंच राहतो. म्हणून चाचांनी स्वतःच वहिवाट घालून दिली. सकाळी गहू. ज्वारीवाल्या बायकांनी दुपारी यायचं. आणि अडलेली एखादी ज्वारी घेऊन आलीच, तर चाचा रस्त्याच्या पलीकडून आवाज देतात, "अक्का, जवारी है, गाना नक्को." मग सगळे तोंड मिटून बसतात आणि ज्वारी संपेपर्यंत नुसतं ऐकतात. दिवाळीच्या आधी मात्र इलाज नसतो. गावभर बेसन दळायला येतं, आणि त्या दिवसांत हुलसुरातली एकजात सगळी भजनं चढ्या सुरात असतात. ऐकणाऱ्याला वाटतं, सणाचा उत्साह.

याचा परिणाम काय व्हायचा तो झाला. आत्याचा एक शागीर्द, बँकेत कारकून, कलबुर्गीला स्पर्धेत गेला. साथीला पेटीवर औरादकडचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, पट्टी कुठली? हा सवयीनं म्हणाला, गव्हाची. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, आणि दोन्ही हात पेटीवर ठेवून पुन्हा विचारलं. ह्याला दुसरं उत्तर येत नव्हतं. शेवटी म्हाताऱ्यानं एकेक पट्टी दाबायला सुरुवात केली, आणि हा डोळे मिटून ऐकत बसला. ही नाही. ही पण नाही. ही ज्वारीची झाली. पांढरी पाच दाबली तेव्हा ह्याच्या अंगावर काटा आला आणि तो गायला लागला. बक्षीस काही मिळालं नाही. पण ते पेटीवाले गृहस्थ पहिल्या बसनं हुलसूरला आले, गिरणीसमोर चपला काढून उभे राहिले आणि हात जोडून परत गेले. चाचा अजून सांगतात की तो माणूस दळण न्यायला विसरला.

आत्याला अख्खं गाणं गाताना मी कधी ऐकलेलं नाही. कुणीच ऐकलेलं नाही. पण एकदा सकाळी गिरणीचा पट्टा तुटला. सगळे बसलेले, आणि सा एकदम बंद. चाचा नवा पट्टा शोधत मागच्या अंगणात गेले. ओसरीवर शागीर्द भेदरून एकमेकांकडं बघायला लागले, तेव्हा आत्यानं जागेवरूनच, तोंड फारसं न उघडता, सा लावला. मला आधी कळलंच नाही की हा माणसाचा आवाज आहे. बोलताना वाळू ओढणारी बाई ती, आणि हा स्वर म्हणजे दगडी हौदात काठोकाठ साय धरलेलं दूध. रस्त्यावरून बैलगाडी चालली होती, ती थांबली. वायरीवर बसलेली चिमण्यांची रांग सरळ झाली, असं मला आजही वाटतं. मागच्या अंगणातून चाचा पट्टा हातात घेऊन पळत आले आणि आत डोकावून बघायला लागले, गिरणी चालू कुणी केली म्हणून. गिरणी बंद होती. चाचा उंबऱ्यावर खाली बसले, आणि मग पट्टा चढवायची घाई त्यांनीही केली नाही.

अशा बाईसमोर माझ्या बायकोला नेऊन बसवायचा प्रसंग माझ्यावर येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो. तिचा आणि गाण्याचा संबंध नव्हता. मग कलबुर्गीहून आमच्या लेकीचा फोन आला की तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बिदरला, मैलूरच्या आमच्या घरी. मी पेढ्यांच्या विचारात होतो. बायको भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "बारशाला पाळणा मी म्हणणार हाय." मी म्हटलं, म्हण की. तेव्हा तिनं तवा खाली उतरवला आणि इतक्या वर्षांच्या संसारात मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. शाळेत असताना पंधरा ऑगस्टच्या गाण्याला बाईंनी तिला मागच्या ओळीत उभं केलं होतं, आणि तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस, म्हणून सांगितलं होतं. तिनं बाईंचं ऐकलं. त्या दिवसापासून ऐकतच आली. आरतीत ओठ हलवले, लग्नांत ओठ हलवले, हळदी-कुंकवाला गाणी झाली तिथं ओठ हलवले. आमची लेक पाळण्यात होती तेव्हा पाळणा माझी आई म्हणायची, ही दोरी ओढायची. मला वाटायचं, हिचा आवाज बारीक आहे, गर्दीत ऐकू येत नाही. तो नव्हताच.

पुढच्या रविवारी मी गाडी काढली. थोरल्या वहिनीनं फोनवर बजावलं होतं की आत्या कामून शिकायचंय असं विचारेल, तेव्हा टीव्हीचं नाव काढू नका, मन शांत होतं असं म्हणू नका, आवड आहे असं तर मुळीच म्हणू नका. आत्यानं विचारलंच. बायकोनं पदर नीट केला आणि सांगितलं, "लेकीच्या बाळाला पाळणा म्हणायचाय. लेकीला म्हणला न्हाई मी."

आत्यानं चष्म्यावरून पाहिलं. मी गाडीची किल्ली खिशात चाचपून ठेवली, कारण इथून पुढं परत निघायचं असतं हे मला माहीत होतं. आत्या म्हणाली, "बस. गायचं न्हाई. बस."

मग कितीतरी रविवार ती नुसती बसली. मी रस्त्याच्या पलीकडं गिरणीच्या ओट्यावर चाचांसोबत बसायचो आणि संध्याकाळी बिदरला परतायचो तेव्हा भुवयांसकट पांढरा झालेला असायचो. मैलूरच्या गल्लीतली कुत्री मला ओळखत नसत. ओसरीवरून बाकीच्यांचे सा ऐकू यायचे, हिचा नाही. मी चाचांजवळ कुरकुर केली. चाचांनी एक मूठ पीठ हातात चोळून बघितलं आणि समजूत घातली, "तुमारी घरवाली अच्छा चुप बैठती. ऐसा चुप कोई नै बैठता." चाचांनी इतक्या वर्षांत फार कमी लोकांची तारीफ केली आहे. मी ती घरी पोहोचेपर्यंत बायकोला तीनदा सांगितली.

एका रविवारी पलीकडून एक नवीन आवाज आला. जाड, थोडा अडखळता, उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा आवाज. मी उठून उभा राहिलो. चाचांनी गिरणीत गव्हाची धार जरा मोठी केली, तेवढीच मदत. त्यानंतर आमच्या घरात सा सुरू झाला. भांडी घासताना सा, कपडे वाळत घालताना सा. लेक तोवर माहेरी आली होती, पण बायको ती झोपली की गच्चीवर जाऊन सराव करायची. बारशापर्यंत लेकीला कळू द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. मला विचाराल तर तो सा पहिल्या दिवसापासूनच अफाट होता. मी आमच्या कापडदुकानात कापड फाडताना गिऱ्हाइकांना सांगायचो की आमच्या घरी आता गाणं आहे. बायको खूश होती, मी खूश होतो, आणि आत्या काहीच म्हणत नव्हती.

मग तो रविवार आला. बायको ओसरीवरून उतरली ती थेट गाडीत जाऊन बसली. हुलसूर मागं पडलं. मग तोंडाला पदर लावून रडायला लागली. आपला सा कुठंच लागत नाही, पहिल्यापेक्षा वाईट झालाय, इतके दिवस आपण बेसूर ओरडत होतो आणि मी तिला वा म्हणत होतो, शाळेतल्या बाई खरं बोलत होत्या, असं सगळं. बारशाला पुन्हा ओठच हलवीन म्हणाली. ते वाक्य मला ऐकवलं नाही. भालकी आलीच होती, तिथं मी गाडी वळवली. आत्यापुढं आजवर कुणी आवाज चढवलेला नाही, पण मी वाटेत पूर्ण भाषण तयार केलं, त्यात तीन-चार ठिकाणी तर टाळ्या पडतील अशी वाक्यं होती.

बायको गाडीतून उतरली नाही. मी एकटा ओसरीवर चढलो. भाषणातलं पहिलं वाक्यसुद्धा पुरतं झालं नाही. बायको रडली, एवढं तोंडातून बाहेर पडलं आणि आत्यानं मला थांबवलं.

"रडली? खरंच रडली?"

मी म्हटलं, रडतेय, अजून रडतेय. आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, आत गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली. आधी माझ्या तोंडात घातला. मग रस्त्याच्या पलीकडं हाक मारून चाचांना सांगितलं की जावयाची बायको रडली. चाचांनी टोपी सारखी केली आणि दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले. मला वाटलं, माणसं पिठात राहून अशी होत असावीत.

"जावई, तुमी कामून घाबरायलाव?" आत्या म्हणाली. "तिचा सा बिघडला न्हाई. पहिल्यापासून तसाच हाय. तवा तिला ऐकू येत नव्हता, आता यायलाय. कान आधी येतंय, गळा मागून येतंय. कान फुडं निघून गेला की माणसाला वाटतंय आपण वंगाळ झालाव. हितंच समदे सोडून जातेत."

मी विचारलं की हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत का नाही. ती म्हणाली, सांगून बघितलं होतं. मग लोक दुसऱ्याच रविवारी रडायचं सोंग घेऊन यायला लागले. जे रडत नाहीत ते वर्षानुवर्षं आनंदानं गात राहतात, आणि त्यांना घरी पाठवण्यातच आपला जन्म गेला. मग ती स्वतः पायऱ्या उतरून गाडीपाशी आली. खिडकीतून आत वाकून बायकोला तिनं एवढंच सांगितलं की पाळणा काही बारशापर्यंत येणार नाही, खोटं कशाला बोलू. पण सा येईल. बायकोनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग सा म्हणते."

नातू झाला. बारशाचा दिवस ठरला, दारात मांडव पडला, मैलूरचं घर माणसांनी भरलं. उदगीरकडच्या माझ्या बहिणी, कलबुर्गीची व्याही मंडळी, शेजारपाजार. आत्या हुलसूरहून आली आणि दाराजवळ खुर्ची ओढून बसली. पाहुण्यांपैकी निम्मे लोक तिच्या ओसरीवरून कधी ना कधी परत गेलेले, ते तिच्यासमोरून जाताना पाठ आपोआप ताठ करत होते. बायको पाळण्याच्या दोरीची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती. तिचं सगळं शिकणं गिरणीसमोरचं, आणि मैलूरला आमच्या गल्लीत गिरणी नाही. मी आदल्या दिवसापासून यावर विचार करत होतो. आमच्या बोअरची मोटार, मागच्या बाजूला जिन्याखाली, चालू केली की एक स्वर धरते. जवळजवळ गव्हाचाच, मी कान लावून पाहिलं होतं. पाळण्याची वेळ झाली तसा मी हळूच मागं गेलो आणि बटण दाबलं. घरात घुमारा पसरला. बायकोनं चमकून वर पाहिलं, तिच्या खांद्यांचा ताण उतरला, आणि मला माझाच अभिमान वाटला.

एक गोष्ट विसरलो होतो. टाकी भरलेली होती. लेकीच्या नणंदेनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीवर बुक्क्या पडल्या, आणि नेमकं तेव्हाच गच्चीवरून पाण्याचा लोट मांडवावर कोसळला. व्याह्यांच्या धोतरावर, पंगतीच्या पत्रावळींवर, वाजंत्रीवाल्याच्या डोक्यावर. एकच पळापळ झाली. आत्या खुर्चीवरून हलली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलंय हे मला कळलं.

"जावई, मोटार बंद करा," ती म्हणाली. "तिला लागत न्हाई."

मी बंद केली. घर असं शांत झालं की पाळण्याच्या कड्या ऐकू यायला लागल्या. मग बायकांनी पाळणा धरला. आमच्या भागात बायका मिळून पाळणा म्हणतात तेव्हा जिचं तिचं माहेर वेगळं ऐकू येतं. माझ्या थोरल्या बहिणीनं उंचावर सुरुवात केली, धाकटीनं तिच्या खाली, शेजारणींनी मध्ये कुठंतरी, आणि विहीणबाईंनी कन्नडमधून त्यांच्याकडची अंगाई काढली. चारी दिशांना चार पाळणे चालले. बायको दोरी धरून उभी होती. तिनं डोळे मिटले. तिचे ओठ उघडले, आणि आवाज आला नाही. मग आला. "जो," एवढाच. शब्द एकच, स्वर एकच. जाड, खालचा, सरळ. तिनं तो धरला, दम खाल्ला, पुन्हा तिथूनच उचलला.

मी थापा मारतो अशी माझी पंचक्रोशीत ख्याती आहे, म्हणून इथं सांभाळून लिहितो. धाकटी बहीण आधी आली. तिचं तिलाही कळलं नसावं. एका कडव्यात ती खाली सरकली आणि बायकोच्या स्वराला टेकली. मग शेजारणी आल्या. थोरली बहीण हट्टी, तिनं दोन कडवी दम धरला, मग तीही उतरली. विहीणबाईंचे शब्द कन्नडच राहिले, पण त्यांची चाल येऊन त्याच सा वर बसली. सगळ्या आल्या. भिजलेल्या मांडवात, ओल्या पत्रावळींमध्ये, त्या एका जाड स्वराभोवती सगळ्या घराचा एक पाळणा झाला. बाळ तर झोपलंच, पण व्याहीसुद्धा ओल्या धोतरात डोळे मिटून उभे राहिले. लेक पलंगावर उठून बसली होती. ती आईकडं बघत म्हणाली, "आई, हे तू म्हणायलीस?"

बायकोनं उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं तर सा सोडावा लागला असता.

जेवणं उशिरा झाली. आत्या पुरणपोळी दोनदा मागून घेऊन जेवली. निघताना बायको पाया पडली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून आत्या म्हणाली, "शेवटाला जरा चढला."

"ऐकू आला मला," बायको म्हणाली.

आत्याला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. पुढचे दोन दात पडलेले आहेत, हे तोवर आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

नातू आता कलबुर्गीला त्याच्या घरी आहे. रांगायचं सोडून भिंत धरून उभा राहतो, असं लेक फोनवर दाखवते. आम्ही रविवारी हुलसूरला जातोच. बायको सा सोडून पुढं सरकली आहे, पण फार नाही. गंधारापाशी अडली आहे आणि अधूनमधून रडते, तेव्हा मी निश्चिंत गूळ खातो. आत्या मात्र थकली. पूर्वीसारखी ताठ बसत नाही, भिंतीला पाठ लावते. मध्येच डोळे मिटते, आणि झोपली की ऐकतेय ते आम्हाला समजत नाही. बायकोचा स्वर हलला की तिची भुवई हलते, तेव्हा समजतं. परवा मी धीर करून विचारलं की पाळणा कधी शिकवणार, पोरगं तर आता पळायला लागेल. तिनं डोळे उघडले नाहीत.

"पळू द्या की, जावई. पाळण्यात परत कुणीतरी येईलच. तवर हिला येतंय." मग म्हणाली, "मी नसले तरी येतंय आता."

बायकोनं ते ऐकलं असणार. तिनं आमच्याकडं बघितलं नाही. पाठ सरळ केली, दम घेतला, आणि पुन्हा सा पासून सुरुवात केली.